साखर एकदा मोजा, मीठ दोनदा

मी बारडोलीची. कॉलेजात हे सांगितलं की समोरचा लगेच सरदार पटेलांचं नाव घेतो, आणि ते बरोबरच आहे; १९२८च्या सत्याग्रहानं आमच्या तालुक्याला इतिहासाच्या पुस्तकात कायमची जागा दिली. पण तिथं राहणाऱ्याला बारडोली आधी नाकानं कळते. दिवाळी सरली की साखर कारखान्याचा हंगाम सुरू होतो, आणि उकळत्या रसाचा, मळीचा तो जड, गोड-आंबूस वास उन्हाळा लागेपर्यंत गावावर बसून राहतो. माझे आजोबा ताप्ती लाइनच्या गाडीनं नंदुरबारकडून इकडे आले ते याच उसामागे. आजही हंगामात डांग, नंदुरबार, धुळ्याकडून ऊसतोडीची माणसं येतात आणि गावाबाहेर त्यांचे पडाव पडतात. पश्चिमेला नवसारी ओलांडली की दांडीचा किनारा. गांधीजींनी ६ एप्रिल १९३०ला मूठभर मीठ उचललं तो. एका हाताला साखर, एका हाताला मीठ, मधे आम्ही.

तरीही पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला माझी दांडी गुल झाली ती नेमकी साखर-मिठावरच. तोंडी परीक्षेत प्रश्न आला: एका लिटर द्रावणात ५.८५ ग्रॅम मीठ असेल तर मोलॅरिटी किती? सोपं होतं. मिठाच्या एका मोलचं वजन ५८.५ ग्रॅम, म्हणून ०.१. मग विचारलं, लिटरभर द्रावणात ३४.२ ग्रॅम साखर असेल तर? साखरेचा मोल ३४२ ग्रॅमचा, म्हणजे तेही ०.१. मग दोन्ही चंचुपात्रांत मिळून-मिसळून हिंडणारे कण सारखेच का? मी हो म्हटलं. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मार्क गेले. मिठाचं द्रावण ०.१ मोलर असलं तरी त्यात सोडियमचे आयन ०.१ आणि क्लोराइडचे आयन ०.१, म्हणजे एकूण ०.२. साखर मात्र अख्खीच राहते, ०.१ ची ०.१. कॅल्शियम क्लोराइड असेल तर आणखी गंमत: ०.१ मोलर द्रावणात कॅल्शियम ०.१, पण क्लोराइड ०.२, कारण एका कॅल्शियममागे दोन क्लोराइड बाहेर पडतात. एकूण ०.३.

हा नियम मी नंतर पाठ केला. साखर एकदा मोजायची, मीठ दोनदा. पण मनात एक खुट्ट राहिलंच. कुणी पाहिलं मीठ फुटताना? मीठ पाण्यात टाकलं की दिसेनासं होतं, साखरही होते. चव सोडली तर डोळ्याला दोन्ही पाणीच. मग हा दुसरा आकडा लिहिण्याची हिंमत पहिल्यांदा कुणी केली? लायब्ररीत शोधत गेले तेव्हा कळलं की ज्यानं केली, त्याचेही मार्क गेले होते. आणि माझ्यापेक्षा फार जास्त.

त्याचं नाव स्वांते अऱ्हेनियस. जन्म १९ फेब्रुवारी १८५९, स्वीडनमध्ये उप्सालाजवळच्या वीक इथं. वडील जमीनमोजणीदार, उप्साला विद्यापीठाच्या जमिनींचं काम बघत आणि वीकच्या जहागिरीचा कारभारही सांभाळत. पोर वर्षभराचं असताना कुटुंब उप्सालात राहायला आलं. हा मुलगा तिसऱ्या वर्षी स्वतःचा स्वतः वाचायला शिकला. वडील हिशेबाच्या वह्या घेऊन बसले की शेजारी बसून बघायचा, आणि नुसतं बघून बेरजा-वजाबाक्या करायला लागला. आकड्यांची ही ओढ जन्मभर टिकली. प्रयोगशाळेत हात फार सफाईदार नव्हता म्हणतात. पण एखादा आकड्यांचा तक्ता समोर आला की त्यात लपलेलं काहीतरी त्याला दिसायचं.

१८७६ला शाळा संपवून तो उप्साला विद्यापीठात गेला. तिथं रसायन शिकवायला पेर क्लेवे होते आणि भौतिकी शिकवायला थालेन. दोघेही मोठे, नावाजलेले. क्लेवे पुढे दोन मूलद्रव्यांचे शोधक म्हणून प्रसिद्ध झाले. पण स्वांतेचं त्यांच्याशी सूत जुळलं नाही. त्याला जे करायचं होतं ते धड रसायनात बसत नव्हतं आणि धड भौतिकीतही नाही. १८८१मध्ये त्यानं उप्साला सोडलं आणि स्टॉकहोमला विज्ञान अकादमीच्या एरिक एडलुंड यांच्या प्रयोगशाळेत काम धरलं.

आता इथं बारडोलीकर म्हणून मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण या गोष्टीची सुरुवात मिठापासून झालेली नाही. ती उसाच्या साखरेपासून झाली. क्लेवे वर्गात सांगायचे की साखरेसारख्या पदार्थाच्या रेणूचं वजन काढता येणं शक्य नाही. वायूत रूपांतर होणारा पदार्थ असेल तर त्याचं रेणूवजन काढायची रीत होती. पण साखर तापवली तर तिचा वायू होत नाही, ती करपते. (आमच्या स्वयंपाकघरात हा प्रयोग बऱ्याचदा झालेला आहे.) स्वांतेला वाटलं, पाण्यात विरघळलेल्या साखरेचा रेणू मोजायला काही आडवाट सापडेल. मिठासारख्या पदार्थाच्या द्रावणातून वीज जाते. त्यात साखर मिसळली तर वीज वाहण्यात जो फरक पडेल, त्यावरून साखरेच्या रेणूचा अंदाज घेता येईल का? म्हणून आधी नुसत्या मिठांच्या द्रावणातून वीज किती जाते ते मोजायला बसला, आणि साखर बाजूलाच राहिली.

तो मोजत होता ती द्रावणं फार पातळ होती. द्रावणात पाणी वाढवत गेलं की वीजवहन कमी होणार, हे उघड आहे. मीठच विरळ झालं. पण त्याला दिसलं की तितकं कमी होत नाही. मिठाच्या दर मोलमागे हिशेब केला तर उलट ते वाढतं. जितकं पाणी जास्त तितका प्रत्येक मोल जास्त कामाला येतो, आणि शेवटी एका मर्यादेला जाऊन थांबतो. जणू मिठाचा काही भाग आळशी आहे, काही कामसू. आणि पाणी घातलं की आळशी भागातले एकेक कामाला लागतात.

१७ मे १८८३च्या रात्री त्याला याचा अर्थ लागला. सगळा गुंता शेवटपर्यंत सोडवल्याशिवाय त्या रात्री त्याला झोप आली नाही, असं त्यानं पुढे स्वतः सांगून ठेवलं आहे. तोवर समजूत अशी होती की विजेचा प्रवाह सोडला की त्या जोरानं मिठाचे रेणू फुटतात आणि मग आयन तयार होतात. आयन हा शब्दही फॅरेडेच्या काळापासून चालत आलेला. क्लाउसियससारख्यांनी एखाददुसरा आयन आधीपासून मोकळा असेल इतपत मानलं होतं. स्वांतेच्या डोक्यात आलं ते याहून पुढचं होतं: मीठ पाण्यात पडलं की लगेच फुटतं. प्रवाह असो वा नसो. मोठ्या प्रमाणात फुटतं. वीज येते ती आधीच मोकळ्या फिरणाऱ्या आयनांना फक्त दिशा देते.

आपल्याला हे वाचताना काहीच वाटत नाही, कारण आपण अकरावीतच ते गिळलेलं असतं. पण १८८३मध्ये उभे राहून बघा. सोडियम म्हणजे पाण्यात टाकला की तडतडून पेट घेणारा धातू. क्लोरीन म्हणजे हिरवट विषारी वायू. आणि चोवीस वर्षांचं एक पोर म्हणतंय की तुमच्या रस्श्यात हे दोघं सुटे-सुटे पोहताहेत, आणि तुम्ही ते रोज पिताय. त्याचं उत्तर असं की सुटा सोडियम आणि सोडियमचा आयन या दोन वेगळ्या चिजा. आयनावर विद्युतभार असतो, आणि त्या भारानं त्याचा सगळा स्वभाव बदलतो. पण भार म्हणजे नेमकं काय हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. तेव्हा हसणाऱ्यांना मी तरी फार दोष देत नाही.

स्वांतेला स्वतःलाही या धोक्याची कल्पना होती. १८८४मध्ये फ्रेंच भाषेत लिहिलेला दीडशे पानांचा प्रबंध त्यानं उप्सालात दिला, त्यात मोकळे आयन असं सरळ म्हणायचं त्यानं टाळलं. सक्रिय रेणू आणि निष्क्रिय रेणू असे सावध शब्द वापरले. तरी व्हायचं ते झालंच. प्रबंधाला चौथा वर्ग मिळाला, प्रबंधाच्या समर्थनाला तिसरा. रसायनवाल्यांना तो भौतिकीचा वाटला, भौतिकीवाल्यांना रसायनाचा. या शेऱ्याचा व्यवहारातला अर्थ असा होता की विद्यापीठात शिकवण्याची वाट बंद. पंचविशीतल्या माणसाला याहून स्वच्छ नकार मिळत नसतो.

मग त्यानं जे केलं ते मला सगळ्यात आवडतं. रुसला नाही, प्रबंध पेटीत टाकला नाही. टपालाच्या तिकिटांवर पैसे खर्च केले. प्रबंधाच्या प्रती युरोपभर पाठवल्या: क्लाउसियस, लोथार मायर, व्हॅन्ट हॉफ, आणि रिगात राहणारा विल्हेल्म ऑस्टवाल्ड. ऑस्टवाल्ड हाही तेव्हा जेमतेम तिशीचाच प्राध्यापक. त्यानं आठवण लिहून ठेवली आहे की जून १८८४च्या एकाच दिवशी त्याच्या वाट्याला तीन गोष्टी आल्या: दाढदुखी, नवी जन्मलेली मुलगी आणि अऱ्हेनियसचा प्रबंध. तिन्हींत जास्त त्रास तिसऱ्या गोष्टीनं दिला. म्हणजे वाचावा तर विचित्र, टाकावा तर त्यातली आकडेमोड टाकू देईना. कारण ऑस्टवाल्ड स्वतः आम्लांवर काम करत होता. कोणतं आम्ल किती जोरकस, याचे त्याच्याजवळ ढीगभर आकडे होते. ते अऱ्हेनियसच्या वीजवहनाच्या आकड्यांशेजारी मांडले तर जोडी जुळत होती. जे आम्ल वीज चांगली वाहून नेतं तेच जोरकस. म्हणजे जोर हा मोकळ्या आयनांचाच.

ऑगस्टमध्ये ऑस्टवाल्ड स्वतः उप्सालाला येऊन दाखल झाला, या मुलाला रिगाला न्यायला. आपल्या चौथ्या वर्गाच्या विद्यार्थ्याला भेटायला परदेशातून प्राध्यापक येतो म्हटल्यावर उप्सालात चुळबुळ झालीच. सोडियमचे कण भांड्यात असे सुटे पोहतात यावर खरंच विश्वास आहे का, असं क्लेवेंनी पाहुण्याला विचारून पाहिलं. पाहुण्यानं होकार दिला, तेव्हा क्लेवेंनी त्याच्याकडे असं पाहिलं की याला तरी रसायन येतं का, अशी शंका त्यांच्या नजरेत दिसावी. तरी परिणाम झाला. वर्ष संपायच्या आत अऱ्हेनियसला उप्सालात व्याख्यात्याची छोटी जागा मिळाली. रिगाला मात्र तो लगेच गेला नाही, कारण वडील आजारी होते. १८८५मध्ये ते वारले.

त्यानंतर अकादमीच्या प्रवासवृत्तीवर तो हिंडला: रिगाला ऑस्टवाल्डकडे, वुर्ट्झबुर्गला कोलराउशकडे, ग्राझला बोल्ट्झमनकडे, अॅम्स्टरडॅमला व्हॅन्ट हॉफकडे. त्या काळातली याहून मोठी नावं काढायची तर मेहनत पडेल. वुर्ट्झबुर्गला असताना व्हॅन्ट हॉफचा एक लेख त्याच्या हाती आला, आणि इथं माझी परीक्षेतली चूक आणि त्याचा शोध एकमेकांना भेटतात.

साधं पाणी शून्य अंशाला गोठतं. त्यात काही विरघळवलं की ते आणखी खाली गोठतं, आणि किती खाली हे आत किती कण आहेत यावर ठरतं. ते कण कशाचे आहेत यावर नाही. एक किलो पाण्यात ३४.२ ग्रॅम साखर टाकली तर गोठणबिंदू साधारण ०.१९ अंशांनी उतरतो. साखरेच्या जागी युरिया घ्या, ग्लिसरीन घ्या, ०.१ मोल असेल तर उतार तेवढाच. पण ५.८५ ग्रॅम मीठ टाका, तोही ०.१ मोलच, आणि उतार मिळतो ०.३५ अंशांच्या आसपास. जवळजवळ दुप्पट. कॅल्शियम क्लोराइडचा तर अडीचपटीच्या आसपास. व्हॅन्ट हॉफनं विरघळलेल्या पदार्थांचे सुंदर नियम बसवले होते, पण मिठांचा हा उद्दामपणा त्याला आवरेना. त्यानं समीकरणात त्यांच्यासाठी एक जादा गुणक ठेवून दिला आणि त्याचं कारण उघडं सोडलं.

अऱ्हेनियसला ते कारण माहीत होतं. मीठ दोनदा मोजलं जात होतं, कारण ते दोन झालेलं होतं. तो वीजवहनाच्या आकड्यांवरून काढत होता की शंभरातले किती रेणू फुटले. त्यावरून गोठणबिंदू किती उतरायला हवा ते निघत होतं. आणि कुणी वेगळ्याच माणसानं, वेगळ्याच हेतूनं, बर्फाच्या भांड्यात मोजलेला उतार त्याच्याशी मिळत होता. आजच्या आकड्यांनी बघायचं तर ०.१ मोलर मिठासाठी वीजवहन सांगतं की शंभरात ८४ फुटले, गोठणबिंदू सांगतो ८७. दोन साक्षीदार एकमेकांना कधी न भेटलेले, आणि जबानी जवळजवळ तीच. १८८७मध्ये त्यानं ऐंशी-नव्वद पदार्थांचे असे जोड-आकडे लावून लेख छापला, ऑस्टवाल्ड आणि व्हॅन्ट हॉफ यांनी नुकत्याच काढलेल्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात. या वेळी सावध शब्द नव्हते. आयन मोकळे असतात, असं सरळ लिहिलं.

दोन वर्षांनी त्यानं पुन्हा उसाची साखर हाती घेतली. साखरेत आम्ल पडलं की ती तुटते, एका सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. (हे आयन नव्हेत, रेणूच तुटतो, भार कुणावरच येत नाही.) तापमान एका अंशानं वाढलं तरी हे तुटणं बरंच वेगानं होतं, नुसती हालचाल वाढण्यानं व्हावं त्याहून कितीतरी जास्त. १८८९च्या लेखात त्यानं मांडलं की सगळी साखर तुटत नाही. ठरावीक ऊर्जेचा उंबरठा ओलांडलेली साखरच तुटते, आणि तापमानाबरोबर असे रेणू झपाट्यानं वाढतात. आज ज्याला आपण अऱ्हेनियसचं समीकरण म्हणून घोकतो ते हेच. आमच्याकडे तोडलेला ऊस गाडीत पडून राहिला की शेतकऱ्याचा जीव का टांगणीला लागतो, कारखान्यात रस आला की त्यात लगोलग चुन्याची निवळी का घालतात, यामागे याच तुटण्याची भीती आहे. पडलेल्या उसात ते काम मुख्यतः विकरं आणि जंतू करतात, रसात आम्ल; चुना आम्ल मारतो. एप्रिलचं ऊन तिन्हींना हात देतं. घरी हे सगळे अनुभवानं जाणतात. समीकरण मी सांगितलं तर वडील म्हणाले, त्यात नवीन काय.

पुढचं आयुष्य भराभर सांगते, कारण यश सगळ्यांचं सारखंच दिसतं. १८९१ला स्टॉकहोममध्ये नोकरी, १८९५ला प्राध्यापकपद, तेही विरोध पत्करून. १८९४मध्ये सोफिया रुडबेक या आपल्या हुशार विद्यार्थिनीशी लग्न, एक मुलगा, आणि १८९६मध्ये काडीमोड. त्याच काळात त्यानं एक अचाट आकडेमोड हातानं केली: हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल? उत्तर आलं पाच-सहा अंश. ते १८९६मध्ये छापलं. त्याला ही हजारो वर्षांनंतरची गोष्ट वाटली, आणि थंडीनं काकडणाऱ्या देशातला असल्यामुळे बरीही वाटली. सुरत जिल्ह्यातल्या मे महिन्यात बसून हे वाचताना हसावं की काय करावं कळत नाही.

१९०३चं रसायनाचं नोबेल त्याला मिळालं. स्वीडनला मिळालेलं ते पहिलं नोबेल. तेव्हाही समित्यांत खल झाला की हे रसायन की भौतिकी. रसायनाच्या समितीत क्लेवेही होते, आणि एकेकाळी चौथा वर्ग पाहणारे हे गृहस्थ या वेळी त्याच्या बाजूनं उभे राहिले. १९०५ला भौतिक रसायनाची नोबेल संस्था त्याच्यासाठी उभी राहिली आणि तिचा तो अखेरपर्यंत प्रमुख होता. त्याच वर्षी मारिया योहान्सनशी दुसरं लग्न झालं. हा संसार सुखाचा झाला.

इथं थांबले तर चरित्र गोड होईल, पण खरं होणार नाही. एकदा दारात अडवला गेलेला माणूस पुढे स्वतः दारावर बसला तेव्हा फार मोकळ्या मनाचा राहिला नाही. रशियाच्या मेंडेलीव्हला आयनांची कल्पना मान्य नव्हती; त्याला १९०६चं नोबेल मिळू नये यात अऱ्हेनियसचा हात होता, असं नोबेलच्या जुन्या कागदपत्रांवरून इतिहासकार सांगतात. आवर्तसारणीच्या बापाला नोबेल नाही, याला तेवढंच एक कारण नसेल. पण हे एक आहे. आणि १९०९मध्ये स्वीडनमध्ये निघालेल्या वंशशुद्धीच्या संस्थेत तो सामील होता. त्या काळी पुष्कळ शहाणी माणसं त्यात होती, हे खरं. पण ज्याला पंचविशीत खालच्या वर्गात ढकललं होतं त्यानं माणसांचेच वर्ग पाडायच्या मंडळीत बसावं, हे मला अजून पचलेलं नाही.

विज्ञानातही त्याचं सगळं टिकलं नाही. व्हिनेगरसारख्या दुबळ्या आम्लाला त्याचा हिशेब चपखल बसतो: ०.१ मोलर अॅसिटिक आम्लात शंभरातला जेमतेम सव्वा रेणू फुटतो. मिठाच्या बाबतीत मात्र ते ८४ आणि ८७ फसवे निघाले. १९१८मध्ये कलकत्त्याच्या ज्ञानचंद्र घोष या तरुणानं मांडलं की मिठासारखे पदार्थ पाण्यात शंभर टक्के फुटतात. आकडा कमी दिसतो तो सोडियम आणि क्लोराइड लांबूनही एकमेकांना ओढत राहतात म्हणून. घोषांचा हिशेबही पुरता बरोबर नव्हता. १९२३मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी तो सुधारला. हेच घोष पुढे खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले. म्हणजे आपण ०.१ मोलर मिठाला सोडियम ०.१ आणि क्लोराइड ०.१ असं बेधडक लिहितो ते अऱ्हेनियसच्या धाडसावर आणि त्याची चूक दुरुस्त करणाऱ्यांवर उभं आहे.

२ ऑक्टोबर १९२७ला स्टॉकहोममध्ये तो वारला आणि उप्सालातच त्याला पुरलं. बारडोलीचा सत्याग्रह सुरू व्हायला तेव्हा चार महिने होते.

गेल्या सुट्टीत मी घरी होते. शेजारच्या आशाबेन पडावावर निघाल्या तेव्हा त्यांच्याबरोबर गेले. एका झोपडीत दोन वर्षांच्या पोराला जुलाब लागले होते, आणि आईनं आधी मिळालेलं ओआरएसचं पाकीट स्टीलच्या पेल्यात कालवून ठेवलं होतं. पाकीट लिटरभर पाण्यासाठीचं, पेला फार तर २०० मिलीचा. औषध आहे, घट्ट केलं तर लवकर गुण येईल, असा तिचा साधा विचार.

मी मनात मांडणी केली. पाकिटात मीठ २.६ ग्रॅम, म्हणजे साधारण ४५ मिलिमोल. सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, जवळजवळ १० मिलिमोल, पण एकातून तीन सोडियम सुटतात, म्हणून ३०. सोडियम झाला ७५. पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, पोटॅशियम २०. क्लोराइड मिठातून ४५ आणि इथून २०, एकूण ६५. सायट्रेट १०. ग्लुकोज १३.५ ग्रॅम, ७५ मिलिमोल, आणि ते फुटत नाही म्हणून एकदाच. बेरीज २४५. हे लिटरमध्ये. माणसाच्या रक्तात हा आकडा सुमारे २९० असतो. पाकिटातलं पाणी त्याहून पातळ ठेवलं आहे ते पाणी आतड्यातून रक्तात ओढलं जावं म्हणून. पूर्वीचं पाकीट ३११ चं होतं, २००२मध्ये मुद्दाम ते पातळ केलं गेलं. आता तेच पाकीट पाचव्या हिश्शाच्या पाण्यात. मोल तेवढेच, पाणी पाचपट कमी. २४५ गुणिले पाच, १२२५. दांडीच्या समुद्राचं पाणी हजाराच्या आसपास असतं.

हे सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं तोवर आशाबेननं पेला उचलून नवीन पाकीट काढलं होतं. एक लिटरची पाण्याची बाटली तिनं आईच्या हातात दिली, गळ्याशी बोट ठेवून इथपर्यंत म्हणून दाखवलं आणि पाकीट पूर्ण रिकामं करायला लावलं. मग पेल्यातलं समुद्राचं पाणी झोपडीच्या कडेला ओतून टाकलं.